सावली दिसते, विषाणू नाही!

ताप, खोकला आणि अंगदुखी चार-पाच दिवसांत हटली नाही, की शहरी घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'छातीचा एक्स-रे काढला का?' फिल्म हाती पडताच ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली जाते. आता तर तिचे छायाचित्र मोबाइलवरून नातेवाइकांकडेही जाते. 'डाग नाही' असे कळले की घर निर्धास्त होते आणि 'डाग आहे' असे कळले की धास्तावते. स्वाइन फ्लू आणि त्यानंतर कोरोनाच्या साथीने ही सवय अधिकच दृढ केली. विषाणूजन्य आजार झाला आहे की नाही, याचा निवाडा एक्स-रे करतो, अशी समजूत त्यातून रुजली.

प्रत्यक्षात एक्स-रे हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. फुप्फुसात काय घडले, किती घडले आणि कोठे घडले, हे तो बऱ्यापैकी सांगतो. ते कोणी घडवले, हे मात्र त्याला क्वचितच सांगता येते. हा फरक ध्यानात न घेतल्यास तीन प्रकारचे नुकसान होते. निर्दोष फिल्म पाहून गंभीर होत चाललेला रुग्ण घरीच थांबतो, क्षुल्लक सावली पाहून अनावश्यक प्रतिजैविके सुरू होतात, आणि 'विषाणूचाच डाग असेल' असे गृहीत धरून क्षयासारखा रोग नजरेआड होतो.

सावली पडते कशी?

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी एका अनोळखी किरणांचा शोध लागला. गणितात अज्ञात राशीला 'क्ष' म्हणतात, म्हणून हे क्ष-किरण. या शोधाबद्दल १९०१ मध्ये राँटगेन यांना भौतिकशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक मिळाले. शोध लागल्यापासून काही महिन्यांतच डॉक्टर या किरणांचा उपयोग करू लागले होते.

एक्स-रेचे तत्त्व सोपे आहे. किरण शरीरातून आरपार जाताना वाटेतील पदार्थ जितका दाट, तितके ते अधिक अडवले जातात. हाडे त्यांना जास्त अडवतात म्हणून ती पांढरी दिसतात. हवा जवळजवळ अडवतच नाही म्हणून हवेने भरलेले फुप्फुस काळे दिसते. हृदय, स्नायू आणि रक्त हे साधारण पाण्याइतके दाट असल्याने करड्या-पांढऱ्या रंगात उमटतात. छातीची फिल्म उपयुक्त ठरते ती यामुळेच. काळ्या पार्श्वभूमीवर हवेची जागा द्रवाने घेतली, की तेथे पांढरट सावली उठून दिसते. सामान्य भाषेत जिला 'डाग' म्हणतात ती हीच.

याच तत्त्वात एक्स-रेची मर्यादाही दडलेली आहे. फिल्मवर पाणी, पू, रक्त किंवा सूज यांच्या सावल्या जवळपास सारख्याच पडतात, कारण या सर्वांची घनता जवळजवळ एकच असते. विषाणू स्वतः दिसण्याचा तर प्रश्नच नाही. आधुनिक डिजिटल एक्स-रेमधील एक टिंब साधारण एक दशांश ते दोन दशांश मिलिमीटरचे असते. कोरोना विषाणूचा व्यास असतो सुमारे १०० नॅनोमीटर. म्हणजे एका टिंबाच्या रुंदीत असे किमान हजार विषाणू एका ओळीत बसतील. डॉक्टर फिल्मवर पाहतात ती विषाणूने फुप्फुसात केलेल्या उलथापालथीची खूण.

विषाणूची 'कार्यपद्धती'

फुप्फुसात सुमारे ३० ते ५० कोटी इवलेसे वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. न्यूमोकॉकससारखा जीवाणू बहुधा फुप्फुसाच्या एका भागात ठाण मांडतो. तेथील वायुकोश पू आणि द्रवाने भरून जातात आणि फिल्मवर एका बाजूला, एकाच खंडापुरती, गडद पांढरी सावली दिसते. त्या पांढऱ्या भागातून जाणाऱ्या हवेच्या नळ्या काळ्या फांद्यांसारख्या उठून दिसतात.

विषाणूंची तऱ्हा बहुधा वेगळी असते. ते श्वासनलिकांच्या अस्तरावर आणि वायुकोशांच्या भिंतींवर हल्ला करतात. त्यामुळे सूज एका जागी न साचता पसरते. फिल्मवर दोन्ही बाजूंना धुरकटपणा, जाळीसारख्या रेघा किंवा विखुरलेले ठिपके दिसतात. या धुरकटपणाला क्ष-किरणतज्ज्ञ 'ग्राउंड ग्लास' म्हणतात. घासलेल्या काचेतून पलीकडचे जसे पुसट दिसते, तशा या धुक्यातून रक्तवाहिन्यांच्या रेषा पुसट दिसत राहतात. कोविड-१९ मध्ये असा धुरकटपणा फुप्फुसाच्या कडांना आणि खालच्या भागांत अधिक आढळला. लहान मुलांतील विषाणूसंसर्गात श्वासनलिकांच्या भिंती जाड दिसतात आणि हवा आत अडकल्याने फुप्फुसे प्रमाणाबाहेर फुगलेली दिसतात.

पाठ्यपुस्तकात हे सारे नीटनेटके वाटते. एका बाजूला गडद सावली म्हणजे जीवाणू, दोन्ही बाजूंना धुके म्हणजे विषाणू, असा ठोकताळाही त्यातून निघतो. प्रत्यक्ष रुग्णात मात्र तो वारंवार फसतो.

एका सावलीचे अनेक धनी

दोन्ही फुप्फुसांतील धुरकटपणा विषाणूमुळे होतो, तसाच हृदय कमजोर झाल्याने फुप्फुसांत पाणी साचल्यावरही होतो. मायकोप्लाझ्मासारखा जीवाणू विषाणूची हुबेहूब नक्कल करतो. काही औषधांची प्रतिक्रिया, फुप्फुसातील रक्तस्राव, प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांतील न्यूमोसिस्टिस ही बुरशी अशी यादी बरीच लांबवता येईल. महाराष्ट्रात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आणि डेंग्यूचे रुग्ण वाढतात. या आजारांच्या गंभीर अवस्थेतही फुप्फुसांवर सावल्या येऊ शकतात. उलट बाजूने, एखाद्या विषाणूमुळेही एकाच खंडात गडद सावली पडू शकते.

त्यात आणखी एक गुंतागुंत असते. विषाणू आणि जीवाणू एकत्र नांदू शकतात. फ्लूने श्वसनमार्गाचे अस्तर सोलवटले, की तेथे जीवाणूंना शिरकाव करणे सोपे जाते. फ्लूचा ताप उतरून रुग्णाला बरे वाटू लागते आणि दोन-चार दिवसांत ताप पुन्हा उसळी घेतो, खोकल्यातून पिवळसर बेडका पडू लागतो. अशा वेळी दुसरा, जीवाणूजन्य न्यूमोनिया झाल्याची शंका डॉक्टर घेतात. त्या क्षणाची फिल्म विषाणूची की जीवाणूची, या प्रश्नाचे उत्तर 'दोघांची' असेही असू शकते.

अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने एक्स-रेवर न्यूमोनिया दिसलेल्या आणि रुग्णालयात दाखल केलेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक चाचण्या करूनही २,२५९ प्रौढांपैकी केवळ ३८ टक्के रुग्णांत कोणता ना कोणता रोगजंतू हाती लागला. केवळ विषाणू आढळलेले रुग्ण २३ टक्के, तर केवळ जीवाणू आढळलेले ११ टक्के होते. मुलांमध्ये हे चित्र निराळे होते. तेथे ८१ टक्क्यांमध्ये रोगजंतू सापडला आणि ६६ टक्क्यांमध्ये तो निव्वळ विषाणूच होता. फिल्मवर न्यूमोनिया स्पष्ट दिसत असताना प्रयोगशाळेलाही गुन्हेगार सापडणे इतके अवघड असेल, तर केवळ सावलीवरून त्याचे नाव सांगणे किती धाडसाचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

'नॉर्मल' एक्स-रेचा धोका

एक्स-रे ही एका क्षणाची नोंद असते. आजार मात्र पुढे सरकत असतो. घसा आणि नाकापुरता मर्यादित असलेला संसर्ग छातीच्या फिल्मवर उमटणारच नाही. फुप्फुसांत शिरलेला संसर्गही सुरुवातीला इतका विरळ असतो, की त्याची सावली पडत नाही.

हाँगकाँगमधील डॉक्टरांनी २०२० मध्ये कोविडच्या ६४ रुग्णांच्या फिल्म तपासल्या. दाखल होतानाच्या पहिल्या एक्स-रेत ६९ टक्के रुग्णांमध्ये दोष आढळला. याचा अर्थ, कोविड निश्चित असलेल्या जवळपास प्रत्येक तिसऱ्या रुग्णाची पहिली फिल्म निर्दोष होती. त्याच रुग्णांत पहिल्या आरटी-पीसीआर चाचणीने ९१ टक्के संसर्ग पकडले. सावल्यांचे प्रमाण लक्षणे सुरू झाल्यापासून दहा ते बारा दिवसांनी सर्वाधिक झाले. त्याचबरोबर सहा रुग्ण असे होते, की ज्यांची पहिली आरटी-पीसीआर चाचणी नकारात्मक आली, पण फिल्मवर दोष आधीच दिसत होता. दोन्ही तपासण्या परस्परांना पूरक असल्याचे यातून स्पष्ट होते.

२००९ च्या स्वाइन फ्लूतही असाच अनुभव आला. भारतातील या आजाराचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला आणि त्यानंतर शहरातील तपासणी केंद्रांवर रांगा लागल्या. त्याच साथीत इस्रायलमधील डॉक्टरांनी ९७ रुग्णांचे पहिले एक्स-रे अभ्यासले. त्यांपैकी ३९ जणांच्याच फिल्मवर दोष होता. दोन्ही फुप्फुसांत अनेक भागांत सावल्या असतील तर आजार गंभीर वळण घेण्याची शक्यता अधिक, असे त्यांना दिसले. मात्र पहिली फिल्म निर्दोष असली तरी धोका टळला असे म्हणता येत नाही, असा इशाराही त्यांनी दिला. फ्लूवरील ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. धोक्याच्या गटातील रुग्णाने फिल्मवर डाग उमटण्याची वाट पाहिली, तर ही वेळ हातची निघून जाते.

नेमका उलटा गैरसमज आजार बरा होताना होतो. रुग्ण हिंडूफिरू लागला तरी सावली फिल्मवर कित्येक आठवडे रेंगाळते. तिच्या धास्तीने दर चार दिवसांनी नवा एक्स-रे काढण्यात काहीच हशील नसते. गरज वाटल्यास साधारण सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढून सावली पूर्ण विरली का, हे पाहिले जाते. धूम्रपान करणाऱ्या किंवा उतारवयातील रुग्णांत हे पाहणे विशेष महत्त्वाचे, कारण न विरणाऱ्या सावलीमागे कधी कधी गाठ लपलेली असते.

साथ आली की फिल्मचा अर्थ बदलतो

एक्स-रेला विषाणू ओळखता येत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने एका साथीत त्यावरच भिस्त का ठेवली, असा प्रश्न पडू शकतो. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा सुरुवातीला विषाणूच अज्ञात होता. साहजिकच त्याची चाचणीही नव्हती. त्या वेळी ताप, खोकला आणि रुग्णाशी संपर्क या निकषांवर 'संशयित' ठरलेल्या व्यक्तीच्या एक्स-रेवर न्यूमोनियाच्या खुणा दिसल्या, तर तिला 'संभाव्य' रुग्ण मानले जाई. हाँगकाँगच्या एका रुग्णालयातील १३८ सार्स रुग्णांपैकी ७८ टक्के रुग्णांच्या फिल्मवर ताप आला तेव्हाच दोष दिसला होता. वर्षअखेरच्या हिशेबानुसार या साथीत ८,०९६ जणांना लागण झाली आणि ७७४ जण दगावले.

चीनच्या हुबेई प्रांतात फेब्रुवारी २०२० मध्ये काहीसे तसेच घडले. आरटी-पीसीआर चाचण्या अपुऱ्या पडू लागल्याने छातीच्या चित्रणावरून निदान झालेले रुग्णही मोजण्याचा निर्णय झाला. परिणामी एका दिवसाच्या आकडेवारीत १४,८४० नव्या रुग्णांची भर पडली आणि त्यांतील १३,३३२ रुग्ण केवळ या नव्या निकषामुळे मोजले गेले होते. काही दिवसांतच हा निकष मागे घेण्यात आला.

या दोन्ही प्रसंगांत फिल्म तीच, तिचे वाचन तेच. बदलली होती ती भोवतालची परिस्थिती. गावात शंभरपैकी साठ तापांचे कारण एकच विषाणू असेल, तर दोन्ही बाजूंचा धुरकटपणा त्याचाच असण्याची शक्यता खूप वाढते. साथ ओसरल्यावर तोच धुरकटपणा पाहून तोच निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. म्हणून फिल्म वाचणारा जाणकार डॉक्टर आधी रुग्णाचे वय, आजाराचे दिवस, संपर्क, प्रवास आणि जुने आजार विचारतो. अहवालाच्या तळाशी 'क्लिनिकल कोरिलेशन' आवश्यक असल्याचे लिहिलेले असते, त्याचा अर्थ इतकाच की ही सावली रुग्णाशी ताडून पाहा.

स्कोअरचा बोलबाला

कोरोनाकाळात महाराष्ट्रात एक्स-रेपेक्षाही 'एचआरसीटी'चा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, बोलबाला झाला. फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी पाचपैकी गुण देऊन पंचवीसपैकी 'स्कोअर' काढला जाई आणि परीक्षेच्या गुणांसारखी त्याची चर्चा घरोघरी होई. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये या तपासणीचे कमाल दर यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपयांच्या दरम्यान निश्चित केले. इटलीतील ब्रेशिया शहरात साध्या एक्स-रेसाठीही अठरापैकी गुण देण्याची पद्धत तयार झाली होती. या पद्धतींचा मूळ हेतू आजाराची व्याप्ती मोजणे हा होता. व्यवहारात मात्र अनेकांनी त्यांचा उपयोग 'कोरोना आहे का' हे ठरवण्यासाठी केला.

सीटी स्कॅन एक्स-रेपेक्षा कितीतरी सूक्ष्म दोष दाखवतो, यात शंका नाही. तथापि तोही सावल्यांचाच खेळ आहे आणि विषाणूचे नाव त्यालाही सांगता येत नाही. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने मार्च २०२० मध्येच सीटीचा वापर कोविडच्या चाळणीसाठी किंवा पहिली चाचणी म्हणून करू नये, असे बजावले होते.

मे २०२१ मध्ये दिल्लीतील 'एम्स'चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी स्कॅन ३०० ते ४०० एक्स-रेइतका असल्याचे सांगून सौम्य आजारात तो टाळण्याचे आवाहन केले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने ही तुलना कालबाह्य ठरवली. हा वाद आकड्यांच्या निवडीतून निर्माण झाला होता. छातीच्या समोरून घेतलेल्या एका फिल्मचा किरणोत्सर्ग सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट असतो, तर प्रचलित पद्धतीच्या छातीच्या सीटीचा सहा-सात मिलिसिव्हर्ट. या दोहोंची तुलना केली तर तीनशेपट हा आकडा निघतो. कमी मात्रेच्या आधुनिक सीटीत किरणोत्सर्ग बराच घटतो. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळत असतो, हे पाहता एका एक्स-रेची भीती बाळगण्याचे कारण नाही. विनाकारण केलेल्या सीटीचे समर्थन मात्र त्याने होत नाही.

लहानग्यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी

दोन वर्षांखालील बाळांना थंडी-पावसात होणारा ब्रॉन्किओलायटिस हा आजार बहुतांशी आरएसव्ही या विषाणूमुळे होतो. सर्दीनंतर धाप लागते, छातीतून घुर्र-घुर्र आवाज येतो आणि पालक हवालदिल होतात. एक्स-रेचा आग्रह बहुधा याच वेळी धरला जातो.

कॅनडातील डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. साध्या ब्रॉन्किओलायटिसच्या २६५ बाळांची फिल्म पाहण्यापूर्वी २.६ टक्के बाळांनाच प्रतिजैविके द्यावीत, असे डॉक्टरांना वाटत होते. फिल्म पाहिल्यावर हे प्रमाण १४.७ टक्क्यांवर गेले. प्रत्यक्षात निदान बदलावे असे काही आढळलेली बाळे केवळ दोन होती. कफाने बंद झालेल्या नळीपुढचा भाग आक्रसला, तरी फिल्मवर न्यूमोनियासारखी सावली पडते आणि डॉक्टरांचा हात औषधाकडे वळतो. विषाणूवर प्रतिजैविकांचा काडीचाही परिणाम होत नाही. जीवाणू मात्र त्यांना सरावतात. म्हणून अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा बाळांचा सरसकट एक्स-रे काढू नये, असे सांगितले. बाळ दूध पिते का, श्वासाचा वेग किती, बरगड्यांखालची त्वचा आत ओढली जाते का, ओठ निळसर पडतात का, ही निरीक्षणे फिल्मपेक्षा मोलाची ठरतात.

एक्स-रेचे खरे स्थान

मग विषाणूजन्य आजारात एक्स-रे काढूच नये का? तसे मुळीच नाही. धाप लागत असेल, रक्तातील प्राणवायू घटत असेल, ताप उतरून पुन्हा चढला असेल, छातीत एका बाजूला टोचत असेल किंवा रुग्ण वृद्ध, गर्भवती, मधुमेही अथवा प्रतिकारशक्ती घटलेला असेल, तर एक्स-रे मोलाची माहिती देतो. गर्भवतीच्या पोटावर शिशाचे आवरण असो वा नसो, छातीच्या फिल्ममधून गर्भापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो. तिने गरोदर असल्याचे आधी सांगावे, इतकेच.

अशा रुग्णांत आजार किती पसरला, छातीत पाणी झाले का, फुप्फुसाभोवती हवा साठली का, हृदय वाढले आहे का, हे फिल्म काही मिनिटांत सांगते. कोविडमध्ये छातीत पाणी होणे विरळ होते. त्यामुळे तसे दिसल्यास दुसऱ्या कारणाचा शोध घेतला जाई. पोकळी दिसली तर क्षय किंवा जीवाणूजन्य गळूचा विचार करावा लागतो. आपल्याकडे या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व फार मोठे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात केवळ लक्षणे विचारून शोध घेतला असता तर ४२.६ टक्के क्षयरुग्ण निसटले असते. ते सापडले एक्स-रेमुळे. विषाणूचा माग काढण्यात दुबळा ठरणारा एक्स-रे क्षयाच्या शोधात असा बलवान ठरतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर 'व्हायरल असेल' म्हणून थांबू नये, ते यासाठीच. तेथेही अंतिम निदान थुंकीच्या तपासणीनेच होते.

संगणकाचा डोळा

माणसाला जे दिसत नाही ते संगणकाला दिसेल, अशी आशा कोरोनाकाळात निर्माण झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेने एक्स-रेवरून कोविड ओळखल्याचे दावे करणारे शोधनिबंध ढिगाने प्रसिद्ध झाले. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये अशा २,२१२ निबंधांची छाननी झाली. गुणवत्तेच्या कसोटीला त्यांतील ६२ उतरले आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेत वापरण्याजोगी एकही प्रणाली त्यांत आढळली नाही.

त्यामागचे एक कारण मोठे बोलके आहे. काही संशोधकांनी कोविडच्या फिल्म प्रौढांच्या घेतल्या आणि तुलनेसाठीच्या फिल्म एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या. संगणक मग कोविड न शिकता मोठा माणूस आणि लहान मूल यांतील फरक शिकला. अन्य प्रणाली फिल्मच्या कोपऱ्यातील अक्षरांवरून किंवा रुग्ण उभा की आडवा, यावरून उत्तर देत होत्या. क्षयाच्या चाळणीसाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या एक्स-रेचे संगणकीय वाचन मान्य केले. तेथे संगणकाला विचारलेला प्रश्न माफक होता, 'या फिल्मवर पुढील तपासणी करण्याजोगे काही आहे का?' विषाणूचे नाव सांगण्याची अपेक्षा त्यात नव्हती.

रुग्णाने काय पाहावे?

चांगल्या फिल्मसाठी रुग्णाचीही साथ लागते. तंत्रज्ञ 'श्वास घ्या, रोखून धरा' असे सांगतो त्याला अर्थ असतो. श्वास अर्धवट घेतला तर निरोगी फुप्फुसही खालच्या भागात धुरकट दिसते. खाटेवर पडलेल्या रुग्णाची फिल्म समोरून किरण सोडून घेतली जाते आणि तीत हृदय आहे त्याहून मोठे दिसते. गळ्यातील साखळी, ताईत, केसांची वेणी यांच्याही सावल्या पडतात. जुन्या फिल्म जपून ठेवून सोबत नेल्यास जुना व्रण आणि नवी सावली यांतील फरक डॉक्टरांना चटकन कळतो. त्यामुळे कित्येकदा पुढचा सीटी टळतो.

अहवालातील 'ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज प्रॉमिनंट' हे शब्द वाचून अनेक जण घाबरतात. श्वासनलिका आणि रक्तवाहिन्यांच्या रेषा थोड्या ठळक दिसतात, एवढाच त्यांचा अर्थ. धूम्रपान, दमा, साधी सर्दी, इतकेच काय अपुरा घेतलेला श्वास यांनीही त्या ठळक होतात. केवळ या शब्दांवरून औषध घेणे योग्य नव्हे.

विषाणू नेमका कोणता, हे नाकातील व घशातील स्रावाची तपासणी सांगते. देह त्याला कसा तोंड देतो आहे, हे श्वासाचा वेग, नाडी आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सांगतात. विश्रांतीच्या अवस्थेत प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांखाली गेली, बोलताना धाप लागू लागली किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर फिल्म स्वच्छ असली तरी रुग्णालय गाठले पाहिजे. फुप्फुसात किती पडझड झाली, हे सांगण्याचे काम एक्स-रेचे. या तिघांच्या साक्षी एकत्र ठेवून निदान करायचे असते. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून 'डाग' शोधण्याआधी रुग्णाच्या श्वासाकडे पाहिले, तर अनेकदा निर्णय अधिक लवकर आणि अधिक अचूक होतो.